समुद्राने सोडलेल्या माळावरची सुई

मित्रांनो, आज तुमच्याशी बोलते आहे ती हाडाची एक जुनी सुई. तुमच्या करंगळीपेक्षा थोडी लहान, रंगाने पिवळट, आणि अंगावर नखाने ओढल्यासारख्या बारीक रेघा असलेली. जुनी म्हणजे नेमकी किती, ते मला सांगता यायचे नाही. संग्रहालयातल्या बाई हजारो वर्षे म्हणतात. मला आकडे कळत नाहीत. मला टाके कळतात.

मी राहते ती खोली लांबट आहे. एका भिंतीला काचेची कपाटे आहेत आणि दाराजवळ रखवालदाराची खुर्ची आहे. माझ्या शेजारी एका केसाळ हत्तीची दाढ ठेवली आहे. ती विटेएवढी मोठी असल्यामुळे येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबतो. मला बघायचे तर खाली वाकावे लागते, आणि वाकायला सवड कुणाला असते? पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. मला आयुष्यात इतके चांगले हात मिळाले, की तक्रार करणे मला शोभणार नाही.

सुई होण्याआधी मी एका सशाच्या मागच्या पायात होते. हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा ससा होता तो. तो फासात सापडला, त्याचे मांस एका कुटुंबाने खाल्ले, कातड्याचे एका लहान मुलीसाठी हातमोजे झाले आणि हाड एका लंगड्या माणसाकडे आले. त्याला सगळे मामा म्हणत. तरुणपणी एका रानबैलाने त्यांचा गुडघा मोडला होता. त्यामुळे शिकारीला जाणे संपले, पण हात शाबूत होते. ते आपल्या भाचीबरोबर तिच्या सासरी राहत. "भाचीच्या पाठुंगळी बसून सासरी आलेला मामा मीच," असे ते स्वतःच हसत हसत सांगत, म्हणून दुसऱ्या कुणाला ते टोचून बोलण्याची संधीच मिळत नसे.

मामा झोपडीच्या तोंडाशी, जिथे उजेड येई तिथे बसत. मोठ्या जनावरांची हाडे उभी करून त्यांवर कातडी ताणलेली अशी ती झोपडी होती. त्यांनी माझे हाड दगडी पात्याने उभे चिरले. मग खरबरीत दगडावर पाणी शिंपडत शिंपडत मला घासले. सगळ्यात अवघड काम होते नेढ्याचे. दगडाचे बारीक टोक चिमटीत धरून ते हळूहळू फिरवत, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. माझ्या आधीच्या कितीतरी सुया याच वेळी तडकल्या होत्या. नेढे आरपार झाले तेव्हा मामांनी मला ओठांवरून फिरवून पाहिले. कुठेही खरखर लागली नाही. मग चरबी लावून कातड्याने पुसले आणि भाचीच्या हाती दिले.

ही भाची घरातली मोठी सून होती. तिला आपण थोरली म्हणू. तिचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ हे दोघे शिकारी. धाकट्या भावाचे नुकतेच लग्न झाले होते. त्याच्या बायकोला धाकटी म्हणू. आणि हातमोजे ज्या मुलीचे झाले, ती थोरलीची लेक चिमी. एवढेच आमचे घर.

मित्रांनो, एका सुईचे एवढे कौतुक का, असे तुम्हाला वाटेल. त्या काळी पृथ्वीवर फार मोठी थंडी पडली होती. समुद्राचे पाणी ढग होऊन वर जाई, बर्फ होऊन डोंगरांवर पडे आणि तिथेच साचून राही. उन्हाळा येई, पण बर्फ वितळण्याआधीच निघून जाई. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. अशा थंडीत नुसते कातडे अंगावर पांघरून गाठ मारली, तर वारा खालून, वरून, बाजूने आत शिरतो. कपडा अंगाच्या मापाने शिवलेला असला तरच माणूस घराबाहेर पडू शकतो. थोरली आधी हाडाच्या आरीने कातड्याला भोके पाडी. जनावराच्या पाठीतली शीर वाळवून, चावून मऊ करून तिचा दोरा काढी. मग मी त्या भोकांतून एकामागून एक पलीकडे जाई. आतल्या सदऱ्याची लव अंगाकडे, बाहेरच्या अंगरख्याची लव बाहेर. टाके इतके जवळजवळ की त्यांतून पाणीही आत येऊ नये. घरातल्या सगळ्यांची ऊब माझ्या टोकाशी बांधलेली होती. एवढा मान किती वस्तूंच्या वाट्याला येतो?

पण थंडी वाढतच गेली. हरणांचे कळप आणि रानबैल हळूहळू उगवतीकडे सरकू लागले. तिकडे, जिथे पूर्वी समुद्र होता, तिथे आता भला मोठा माळ उघडा पडला होता. पाणी बर्फात अडकले म्हणजे समुद्र उतरणारच. त्याच्या उतरण्याने दोन खंड एकमेकांना जोडले गेले होते. अर्थात आमच्या घरात खंड हा शब्दच नव्हता. गवत आहे, जनावरे आहेत, चला तिकडे, एवढेच ते जाणत. माळावर वारा कोरडा होता, बर्फ पातळ पडे, गवत टिके. दोन्ही भावांनी ठरवले की आपणही जायचे.

धाकटीला हे मुळीच पटले नाही. तिच्या आईबापांचा तळ मावळतीला होता. आत्तापर्यंत मनात आले की चालत जाऊन भेटता येत होते. आता प्रत्येक पावलागणिक माहेर मागे पडणार. ती रडली, नवऱ्याशी भांडली, आणि आपण इथेच थांबू, एखादा हिवाळा कळ काढू, असे म्हणाली. तेव्हा थोरली वैतागून बोलून गेली, "जनावरं काही तुझ्या माहेराला विचारून चरायला जात नाहीत."

झाले. त्या दिवसापासून दोघी जावांचे बोलणे बंद पडले. बंद म्हणजे अगदी बंद. काही सांगायचे झाले तर मध्ये चिमी. "चिमे, काकूला सांग, चरबी वितळली." "चिमे, तुझ्या आईला म्हणावं, मला डोळे आहेत." मलासुद्धा एकीकडून दुसरीकडे जायचे तर चिमीच्या हातातून जावे लागे. मामा हे सगळे बघत पाती घासत बसत. एकदा ते म्हणाले, की या घरात सर्वांत जास्त काम करणारी माणसे दोनच, ही सुई आणि चिमी.

आम्ही माळावरून चाललो. मी एका पोकळ पक्ष्याच्या हाडात होते, आणि ते हाड थोरलीच्या गळ्यात. माळावर झाड म्हणून नव्हते. जळणाला खुरटी झुडपे, वाळलेले शेण आणि हाडे. जेवढी हाडे मिळतील तेवढी पाठीवर घ्यायची. एका ठिकाणी मुक्काम टाकताना चिमीने माती उकरली, तर आत शिंपले निघाले. चिमीने ते कानाला लावले, दातांनी चावून पाहिले. थोरलीचा नवरा म्हणाला की एखाद्या पक्ष्याने आणून टाकले असतील. मामांनी एक शिंपला बराच वेळ तळहातावर फिरवला. म्हणाले, इतके शिंपले कुठला पक्षी आणणार? इथे पाणी असणार कधीतरी. आणि गेलेले पाणी परतही येते. भाऊ हसले. पाणी कुठेच दिसत नव्हते, सगळीकडे गवत आणि वारा.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत धाकटीला दिवस गेले होते. पोट दिसू लागले तशी ती अधिकच गप्प झाली. दोघे भाऊ शिकारीला टेकड्यांपलीकडे गेले. तिकडे कळप मोठा आहे, शिकार साधली की तिथेच तळ ठोकू, तुम्ही मागून या, असे ते सांगून गेले होते. आमच्याकडचे मांस संपत आले होते आणि जाळायची हाडेही. उजाडल्यावर निघायचे ठरले होते. त्या सकाळी थोरली बाहेरचे सामान बांधून आत आली तर धाकटीची जागा रिकामी.

चिमी म्हणाली, "काकू गाठोडं घेऊन गेली. आपण जिकडून आलो तिकडे गेली."

थोरलीने मला गळ्यात घातले आणि ती तशीच निघाली. मामांना चिमीजवळ थांबवले. आभाळ पांढरे होऊन खाली उतरत होते आणि वारा सुटत होता. पावलांच्या खुणा अर्ध्या बुजल्या होत्या. त्या सरळ मावळतीला, येताना ओलांडलेल्या नदीकडे जात होत्या. थोरलीची छाती इतक्या जोराने धडधडत होती की मी हाडाच्या नळीत आपटत होते.

धाकटी नदीच्या काठावर पडलेली सापडली. कडेचा बर्फ पातळ होता, तो तिच्या पायाखाली खचला होता. कमरेपर्यंत पाण्यात जाऊन ती कशीबशी रांगत बाहेर आली होती. कपडे झाडाच्या सालीसारखे कडक झाले होते. तिला उठता येत नव्हते. थोरलीने तिच्या काखेत हात घातले आणि उचलत, ओढत, थांबत, पुन्हा उचलत तिला परत आणले. वाटेत तिला एक शब्दही टाकून बोलली नाही.

झोपडीत मामांनी उरलेली हाडे चुलीत घातली. धाकटीच्या अंगावरचे कडक झालेले कपडे दगडी पात्याने कापून काढावे लागले. तिला सगळ्या पांघरुणांत गुंडाळून चिमीला तिच्या कुशीत बसवले. जीव वाचला. पण खरी अडचण पुढेच होती. वादळ ओसरले की निघायलाच हवे होते, नाहीतर जळण नाही आणि खायला नाही. मामांना स्वतःलाच काठीशिवाय चालता येत नव्हते. धाकटीला उचलून कोण नेणार? तिने स्वतःच्या पायांनी चालायला हवे होते, आणि अंगावर कपडे नसलेल्या बाईला त्या वाऱ्यात चार पावलेही चालता आले नसते.

थोरलीने आपला बाहेरचा जाड अंगरखा काढला. तो तिच्या स्वतःच्या आईने कमावलेल्या कातड्याचा होता. तिने तो जमिनीवर पसरला आणि पाते घेऊन कापला. अंथरुणाचे कातडेही घेतले. मग मला बाहेर काढले.

बाहेर वारा झोपडीला हलवत होता. आत दगडाच्या खोलगट दिव्यात चरबी जळत होती आणि थोरली शिवत होती. मी तसे काम ना त्याआधी केले, ना त्यानंतर. विजारीचा एक पाय झाला, दुसरा सुरू झाला. कातडे जाड होते, आरीची भोके अपुरी पडत होती. थोरलीने जोर लावला, आणि कट्‌ असा आवाज झाला. माझे नेढे फुटले.

मला वाटले, संपले. नेढे नसलेली सुई म्हणजे नुसती काडी. घरात दुसरी सुई नव्हती. एक वाटेत हरवली होती, एक मोडली होती. थोरलीने मला तळहातावर घेतले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. इतके चालून न रडलेली बाई तिथे रडली.

मामांनी हात पुढे केला. "आण इकडे. अजून लांबी आहे तिच्यात."

मामांची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी मला दिव्याजवळ धरलेही नाही. डोळे मिटले आणि बोटाच्या टोकाने चाचपून फुटक्या नेढ्याच्या जरा खाली जागा शोधली. मग ते बारीक दगडी टोक फिरू लागले. कुणी हालत नव्हते. मी तडकले असते तर सगळेच संपले असते, हे त्या झोपडीत चिमीलासुद्धा कळत होते. मामा इतके सावकाश फिरवत होते की दगड थांबला आहे असे वाटावे. मित्रांनो, मी टिकले. वरचा तुटका भाग त्यांनी घासून काढला. मी थोडी आखूड झाले, पण पुन्हा सुई झाले.

थोरली पुन्हा शिवायला बसली. तिची बोटे सुजली होती, दोरा नेढ्यात जाईना. तेव्हा पांघरुणातून एक हात बाहेर आला.

"द्या इकडे, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

किती काळाने चिमीला मध्ये न घेता बोलली होती ती.

थोरली म्हणाली, "तू पड गं. अंगात ऊब येऊ दे."

"दोघींनी केलं तर लवकर होईल. तुम्ही दोरा चावा, मी शिवते."

मग एकीने शिवायचे आणि दुसरीने शीर चावून दोरा काढायचा, हात थकले की पाळी बदलायची, असे चालले. शेवटी धाकटीच म्हणाली, "मला आईकडे जायचं होतं. बाळंतपणाला आई हवी होती."

"मला सांगायचंस."

"तुम्ही बोलत कुठे होतात माझ्याशी?"

थोरलीने दोरा दातांतून काढला, नेढ्यात ओवला, गाठ मारली. मग म्हणाली, "तुझी आई मी आणू शकत नाही. पण मी आहे. मी कुठं जात नाही."

धाकटीने मान खाली घातली आणि पुढचा टाका घातला. तो टाका जरा वाकडा गेला. थोरलीने तो उसवला नाही.

वादळ थांबले तेव्हा कपडे तयार होते. ओबडधोबड, एक पाय थोडा लांब, एक आखूड. धाकटी ते घालून उभी राहिली आणि चालली. थोरली अंगरख्याशिवाय, दोन पांघरुणे आवळून बांधून तिच्या शेजारी चालली. मागून मामा काठी टेकत, आणि त्यांच्या पुढे चिमी. टेकडी ओलांडल्यावर खाली धूर दिसला. भावांनी मोठी शिकार केली होती. त्यांना काय घडले ते कळले तेव्हा धाकटा भाऊ थोरल्या वहिनीच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी मिळालेले सगळ्यात चांगले कातडे त्याने तिच्यापुढे ठेवले. तिचा नवा अंगरखा मीच शिवला.

वसंतात धाकटीला मुलगी झाली. थोरलीच्याच हातात ती जन्मली. तिचे पहिले टोपडे शिवताना मी किती हलकी झाले होते म्हणून सांगू. असे मऊ कातडे मी कधी पाहिले नव्हते.

नंतर आम्ही माळाच्या पलीकडच्या उंच टेकड्यांपाशी पोहोचलो. पुढे बर्फाची इतकी मोठी भिंत होती की तिचा शेवट दिसत नव्हता. आम्ही तिथेच एका नदीच्या काठी राहिलो, बरीच वर्षे. आणखीही घरे आली. मामा तिथेच गेले. त्यांना पुरताना अंगावर जे कपडे होते, त्यांचा प्रत्येक टाका माझा होता. थोरलीचे सांधे आखडले तेव्हा तिने मला धाकटीच्या गळ्यात घातले. धाकटीची मुलगी माझ्यावरच शिवायला शिकली, आणि मला समोर ठेवून, माझ्या मापाने तिने आपली पहिली सुई घडवली. ती मोडली. दुसरीही मोडली. नंतरच्या टिकल्या.

पुढे बातमी आली, की समुद्राच्या कडेने बर्फ मागे हटतो आहे आणि दक्षिणेला जायला वाट होते आहे. कुटुंबे निघू लागली. आमच्या घराच्या निघण्याच्या गडबडीत माझी नळी तडकली आणि मी चुलीच्या राखेत पडले. सगळ्यांनी मला शोधले. राख बोटांनी चाळली, कातडी झटकली. मी एका दगडाच्या खाली, अगदी त्यांच्या बोटांपाशी होते. हाक मारता आली असती तर मारली असती. शेवटी धाकटी, जी आता म्हातारी झाली होती, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "इथपर्यंत तिनं आणलं. पुढचं तुम्ही चाला."

मग पावलांचा आवाज दूर गेला. मला वाईट वाटले, पण एकटे टाकल्यासारखे वाटले नाही. त्यांच्या गाठोड्यात माझ्या मापाच्या सुया होत्या.

त्यानंतर फार मोठा अंधार. वर माती साचली. कधीतरी जमीन कोमट होऊ लागली. बर्फ वितळला, पाणी परत आले, आणि आम्ही ज्या माळावरून चालत आलो तो शिंपल्यांसकट समुद्राखाली गेला. मी उंचावर पडले होते म्हणून वाचले. हे सगळे मला पुष्कळ नंतर, संग्रहालयातल्या बोलण्यातून कळले. राखेत पडून असताना मला एवढेच कळत होते, की वर कुणी चालत नाही.

मग एक दिवस चाळणी हलली. उन्हाने रापलेली एक बाई मातीचा ढीग चाळणीत घेऊन पाण्याने धूत होती. तिने मला चिमटीत धरले, आकाशासमोर नेले आणि माझ्या नेढ्यातून उजेड बघितला. ती ओरडली नाही, नाचली नाही. शेजारच्या माणसाला हळूच म्हणाली, "हिला नेढं आहे." आणि खाली बसली.

पुढे मला प्रयोगशाळेत नेले, कापसावर ठेवले, बारीक कुंचल्याने पुसले. मोठमोठ्या लोकांनी माझे कौतुक केले. मग मला एका खोक्यात घालून, वर चिठ्ठी चिकटवून खणात ठेवले आणि विसरून गेले. किती वर्षे ते माहीत नाही. खण आवरायला आलेल्या आताच्या बाईंनी ते खोके उघडले आणि मला या कपाटात आणले. त्या शाळेतल्या मुलांना गुडघ्यांवर बसवतात, म्हणजे मी दिसते. आणि सांगतात, की या थंडीने माणसांना हुसकलेही आणि वाटही दिली. ती वाट चालून गेलेल्यांची मुलेबाळे पुढे पलीकडच्या खंडाच्या पार शेवटच्या टोकापर्यंत गेली. मी ऐकते, आणि मनात येते, त्यांतल्या कितींच्या अंगावरचे टाके चिमीच्या काकूच्या नातवंडांनी घातले असतील.

मित्रांनो, मी सगळ्यांची ऋणी आहे. त्या सशाची, मामांची, दोन्ही जावांची, चाळणीवाल्या बाईची. त्या थंडीचीसुद्धा, कारण तिच्यावाचून माझी गरज कुणालाच पडली नसती. माझे मागणे फारसे मोठे नाही. फाटलेले लगेच टाकू नका, शिवता येते का ते आधी बघा. अबोला फार लांबवू नका. बोलायला दर वेळी चिमी मिळत नाही. आणि कुणी दुरून, पुरेशा कपड्यांवाचून तुमच्या दारात आले, तर त्याला आधी आत घ्या आणि उबेला बसवा. तो कुठून आला, ते मग सावकाश विचारा.